कफ हलवणारी नळी: फुफ्फुस बसलं म्हणून घेतली, पैसे वसूल झाले का?

ऑसिलेटिंग पेप नावाची एक हातात मावेल एवढी प्लॅस्टिकची नळी मिळते. तोंडात धरून त्यात श्वास सोडायचा, आत फडफड होते, ती फडफड छातीपर्यंत पोचते आणि आत चिकटून बसलेला कफ सुटतो, असा एकंदर दावा. अकॅपेला, फ्लटर, एरोबिका ही त्यातली छातीच्या डॉक्टरांकडे ऐकू येणारी नावं. माझी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू होतात आणि उगाच एकाच्या नावाने खडे फोडायचे नाहीयेत. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा किमतीमुळे गेला, एक विकणाऱ्यांमुळे, आणि साडेतीन का राहिले हे सांगायला मला झालेला आजार सांगावा लागेल, तो फार कमी लोकांना होतो आणि गंमत म्हणजे निम्म्या डॉक्टरांनीही फक्त पुस्तकात बघितलेला असतो.

आजाराचं नाव प्लॅस्टिक ब्रॉन्कायटिस. श्वासनलिकेच्या फांद्यांमध्ये कफ आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनतात ते चिवट धागे) घट्ट होत जातं, इतकं की त्या फांदीचा हुबेहूब साचा तयार होतो, रबरासारखा चिवट. तो श्वासनळीत बुचासारखा बसला की पुढच्या भागात हवा जाणं बंद, आत अडकलेली हवा हळूहळू रक्तात शोषली जाते आणि फुफ्फुसाचा तेवढा भाग चिमटतो, बसतो. माझा डाव्या बाजूचा खालचा भाग असाच बसला. एक्स-रेमध्ये हृदयाच्या मागे एक पांढरा त्रिकोण दिसत होता, बाकी सगळं ठीकठाक, आणि त्या त्रिकोणावरून प्रत्येकाने आपापलं मत दिलं. आधी न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक झालं. मग आपल्याकडे छातीत पांढरं दिसलं की टीबी हा विषय निघतोच, त्यात चूक काही नाही, टीबी आहेच आपल्याकडे भरपूर, तर सीबीनॅट ही टीबीची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. मग एकाने विचारलं शेंगदाणा वगैरे श्वासात गेलाय का. लहान मुलांत हे अगदी नेहमीचं म्हणे, शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी, फुफ्फुस बसलेलं मूल आलं की डॉक्टर आधी तेच शोधतात. मी म्हटलं अहो मी पंचेचाळिशीची बाई, शेंगदाणे चावून खाते.

दमा मला लहानपणापासून आहे, पंप घेते, त्यामुळे खोकला हा घरात कुणी मनावर घेण्यासारखा विषयच नाही. पण यावेळी खोकला वेगळा होता, डावीकडे कुशीवर झोपलं की आत काहीतरी अडकल्यासारखं, आणि एकदा जोराची उबळ येऊन जे बाहेर पडलं ते बेडका नव्हता. बोटभर लांब पांढुरकं काहीतरी. त्यावेळी मी ज्या हॉस्पिटलात होते (नाव राहू दे) तिथल्या सिस्टरना दाखवलं, त्यांनी बघितल्यासारखं केलं, "घट्ट कफ आहे मॅडम, गरम पाणी प्या" म्हणाल्या आणि टिश्यूसकट डब्यात. मला राग आला तो नंतर, पुण्यात छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की खोकल्यातून काही पडलं होतं का आणि ते ठेवलंय का, तेव्हा.

तर मंडळी, दम्याचा जुना पेशंट असेल किंवा नसेल, खोकल्यातून असं लांब, चिवट, न तुटणारं काही पडलं तर टाकू नका. एका स्वच्छ वाटीत सलाइन घ्या आणि त्यात सोडा. मी पुढच्या वेळी तसं केलं, स्टीलच्या वाटीत. आधी नुसता गोळा होता, मग चमच्याच्या टोकाने हळूच हलवला तसा तो उलगडत गेला, एक जाडसर दांडा, त्याला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी बारीक फाटे, शेवटी केसाएवढे धागे, अगदी धुतलेल्या कोथिंबिरीची मुळी. साधा कफ पाण्यात पसरतो, तार धरतो, हा पसरत नाही. आमचे हे बघून म्हणाले फोटो काढ, आणि तो फोटो डॉक्टरांना माझ्या सगळ्या फाइलीपेक्षा जास्त उपयोगी पडला असावा असं मला वाटतं, कारण त्यानंतर सगळं भराभर झालं. ब्रॉन्कोस्कोपी केली, म्हणजे श्वासनलिकेत कॅमेऱ्याची बारीक नळी घालतात ती, घशात सुन्न करायचा फवारा मारतात तो प्रकार कडू आणि घाण आहे, बाकी झोपेचं इंजेक्शन असल्यामुळे फारसं आठवत नाही. थंड टोकाची एक सळी असते, क्रायोप्रोब म्हणतात, ती साच्याला टेकवली की साचा गोठून तिला चिकटतो आणि सगळं एकदम ओढून काढता येतं. चिमट्याने काढायला गेलं तर तुकडे पडतात म्हणे. लॅबच्या रिपोर्टमध्ये फायब्रिन आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) आले, म्हणजे सूज असलेला, दम्यात दिसतो तो प्रकार. १९९७ साली कॅनडातल्या डॉक्टर सीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साच्यांचे दोन गट पाडले, एक असा पेशी भरलेला आणि दुसरा जवळजवळ पेशीच नसलेला नुसत्या म्यूसिनचा, म्हणजे कफातल्या चिकट पदार्थाचा, जो जास्त करून जन्मतः हृदयाचा दोष असलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या मुलांत सापडतो. त्या मुलांबद्दल खाली लिहिते.

इंटरनेटवर शोधलंत तर एक लाल झाडासारखा फोटो हमखास समोर येईल, २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता, सॅन फ्रान्सिस्कोमधला ३६ वर्षांचा पेशंट, उजव्या श्वासनलिकेचं अख्खं झाड खोकून काढलं. तो बघून घाबरू नका. तो रक्ताच्या गुठळीचा साचा होता, त्या माणसाचं हृदय फेल होत आलेलं, रक्त पातळ करायची औषधं चालू, ते प्रकरण वेगळं. आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र तोच फोटो "हिला हेच झालंय" म्हणून फिरला आणि सासूबाईंनी दोन दिवस जेवण सोडलं.

आता नळीकडे येते. पण त्याआधी एक गोष्ट, कारण हा रिव्ह्यू वाचून कुणी सरळ ऑर्डर करेल. फुफ्फुस कोलॅप्स झालं असं दोन अगदी उलट्या गोष्टींना म्हणतात. एक माझ्यासारखं, श्वासनळी तुंबली, आतली हवा संपली, भाग बसला, एक्स-रेवर पांढरं दिसतं आणि मधली श्वासनलिका त्या बाजूला ओढली जाते. दुसरं न्यूमोथोरॅक्स, फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर छातीच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुसाला दाबते, एक्स-रेवर काळं दिसतं, जास्त हवा साठली तर श्वासनलिका दुसऱ्या बाजूला ढकलली जाते, आणि बऱ्याचदा बरगड्यांमधून नळी घालावी लागते. पहिल्यात कफ हलवणारं यंत्र उपयोगी, दुसऱ्यात उपचार झाल्याशिवाय ते वापरणं धोक्याचं, कारण जोर लावून श्वास सोडला की हवा आणखी बाहेर जाऊ शकते. खोकल्यातून रक्त पडत असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, नुकतंच चेहऱ्याचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं असेल तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. हे खोक्यावरच्या माहितीपत्रकात इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरात असतं. ऑनलाइन विकणाऱ्यांच्या पानावर मात्र "लंग्ज मजबूत करा" एवढंच. एक स्टार गेला तो याच्यासाठी.

काम कसं करतं ते फिजिओ मॅडमनी मला फार छान समजावलं. आत एक झडप असते, श्वास सोडताना ती उघडझाप करते त्यामुळे दोन गोष्टी होतात, एक तर समोरून थोडा विरोध असल्याने बारीक नळ्या आतून ताणलेल्या राहतात, मिटत नाहीत, आणि दुसरं म्हणजे हवा सेकंदाला दहाबारा वेळा हादरते, त्या हादऱ्याने कफ भिंतीपासून सुटतो. शिवाय श्वास घेऊन दोनतीन सेकंद धरला की शेजारच्या उघड्या भागातून बारीक छिद्रांवाटे हवा बुचाच्या मागे शिरते आणि मागून ढकलते. हे मला पटलं, कारण तोपर्यंत मी समजत होते की फुंकर जेवढी जोरात तेवढा फायदा. नाही. फुंकर मऊच ठेवायची, पण लांब. आणि "काकू, गाल फुगवू नका", हे वाक्य मी त्या पोरीकडून इतक्या वेळा ऐकलंय की अजून नळी तोंडात धरली की तेच ऐकू येतं. गाल फुगले की सगळी थरथर गालातच संपते, छातीपर्यंत काही पोचत नाही. एक हात गालावर ठेवून दुसऱ्याने नळी धरायची, छातीवर घरच्या कुणाचा तरी तळवा ठेवायला सांगायचा, त्यांना हादरा जाणवला तर बरोबर चाललंय.

क्रम असा. आधी अस्थालिनची, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ, मग डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर तीन टक्क्यांचं सलाइन नेब्युलायझरमधून, हे खारट असतं आणि दमेकऱ्याची छाती आवळू शकतं म्हणूनच अस्थालिन आधी. मग नळी, साधारण दहा-पंधरा श्वास, त्यानंतर हफ, म्हणजे आरशावर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून हा-हा करून श्वास सोडायचा. मग सुटलेला कफ खोकून काढायचा. मग परत पहिल्यापासून. बुडेकॉर्ट, म्हणजे सूज उतरवणारं वाफेतलं स्टेरॉइड, सगळ्यात शेवटी, छाती मोकळी झाल्यावर, आणि नंतर चूळ. मी आधी बुडेकॉर्ट घेऊन मग कफ काढायचे, म्हणजे औषध कफावर बसायचं आणि कफाबरोबर बेसिनमध्ये जायचं, आणि इतकी वर्षं दम्याची औषधं लिहून देणाऱ्या एकानेही मला क्रम सांगितला नव्हता. म्यूकोमिक्स किंवा म्यूसिनॅक टाइपचं कफ पातळ करायचं औषध वाफेतून दिलं तर खोलीत सडक्या अंड्याचा वास सुटतो, त्यात गंधक असतं, औषध खराब झालेलं नाही, फेकू नका.

फरक पडला का? हो. पण कशात पडला ते नीट सांगते. नळीने माझा साचा निघालेला नाही. तो स्कोपनेच निघाला, आणि असा मोठा साचा बसला असेल तर घरी नळी फुंकत बसण्यात अर्थ नाही, अचानक धाप लागली, ओठ निळे पडले, ऑक्सिजन घसरला तर सरळ इमर्जन्सी, कारण मोठी श्वासनळी बंद झाली तर हा आजार जीवही घेऊ शकतो. नळीने काय केलं तर नवे साचे घट्ट व्हायच्या आत पातळ असतानाच बाहेर काढले. सुरुवातीला वाटीत छोटे छोटे फाटे दिसायचे, मग नुसते धागे, मग साधा कफ. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्यांचा आणि पंप बदलल्याचा वाटा मोठा आहे हे मी मान्य करते, सगळं श्रेय चार औंसाच्या प्लॅस्टिकला देणार नाही. पण गोळ्या बंद झाल्या, नळी चालू आहे, आणि पुढच्या एक्स-रेत तो त्रिकोण नव्हता.

कुठली घ्यावी यावर थोडं. फ्लटरमध्ये शंकूत स्टीलची गोळी असते, ती गुरुत्वाकर्षणावर चालते म्हणून ठराविक कोनातच धरावी लागते, बसूनच. अकॅपेलात लोहचुंबक आणि तरफ असते, आडवं झोपून, कुशीवर कसंही चालतं. ज्याचा खालचा भाग बसलाय त्याला कुशीवर झोपून कफ काढायचा असतो, त्यामुळे हा फरक छोटा नाही. अकॅपेला हिरवी आणि निळी अशी दोन रंगांत येते, हिरवी ज्याला मिनिटाला १५ लिटरच्या वर जोर धरता येतो त्याला, निळी त्याहून कमी जोर असणाऱ्याला, म्हणजे लहान मुलं, फार थकलेले पेशंट. दुकानदाराला हे माहीत नसतं, त्याच्याकडे जो रंग असेल तो तो "सगळ्यांना चालतो" म्हणून देतो. मला एका मेडिकलवाल्याने तर नळी मागितल्यावर तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर काढून दिलं, "हेच ते" म्हणत. ते नव्हे हो. तीन गोळ्यांचं यंत्र श्वास आत ओढायचं असतं, ६००, ९०० आणि १२०० लिहिलेलं असतं त्यावर, कोविडमध्ये घराघरात आलं आणि अजून निम्मे लोक त्यात फुंकतात. तेही चांगलंय, ऑपरेशननंतर फुफ्फुस बसू नये म्हणून देतात, तीन-चारशेत मिळतं, पण कफ हलवत नाही.

किंमत हा खरा चटका. स्पायरोमीटरच्या दहापट तरी पडते, इन्शुरन्सवाले देत नाहीत, आणि स्वस्तातली नक्कल ऑनलाइन ढिगाने. मी आधी एक तसलीच मागवली होती, विक्रेता कोण ते जाऊ दे, फोटोत सुंदर, प्रत्यक्षात झडप एकाच जागी अडकलेली, हादरा शून्य, नुसती शिट्टी वाजत होती. ओळखायची युक्ती सोपी आहे, तळवा छातीवर ठेवा, थरथर नाही म्हणजे खेळणं. परत करायला गेले तर "हायजीन प्रॉडक्ट, रिटर्न नाही". हे मात्र त्यांचं बरोबर आहे, दुसऱ्याच्या तोंडातली नळी कुणाला हवीय.

साफसफाईचा कंटाळा येतो. रोज कोमट साबणाच्या पाण्यात, मग पूर्ण सुकवायची, ओली डब्यात टाकली की बुरशी, आणि बुरशी हा दमेकऱ्याच्या छातीचा जुना वैरी. काही मॉडेल उकळता येतात, भाग सुटे होतात, काही उकळली तर वाकडी होतात, माहितीपत्रक बघूनच करा. नेब्युलायझरच्या कपाचंही तेच, शिवाय मागचा फिल्टर काळा पडला की बदला, दहावीस रुपयांची वस्तू आहे. हलकी, आवाज न करणारी मेश मशीन (बारीक जाळीतून वाफ करणारी) आता बऱ्याच मिळतात पण त्यांची जाळी तुंबते, बुडेकॉर्ट घेणाऱ्याने घरघर करणारं जुनं कंप्रेसरचंच घ्यावं असं मला वाटतं, शेजाऱ्यांनी विचारलं मिक्सर लावलाय का तर हो म्हणायचं.

आता त्या मुलांबद्दल. फिजिओच्या बाहेर बाकावर सोलापूरकडची एक आई भेटायची, तिच्या मुलाचं फॉन्टन झालेलं. ज्यांच्या हृदयाचा एकच पंप धड काम करतो त्या मुलांचं हे ऑपरेशन, बोर्डोच्या डॉक्टर फॉन्टनने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेलं, शिरांमधलं रक्त हृदयाच्या पंपाशिवाय थेट फुफ्फुसात सोडतात. शिरांमधला दाब वाढतो, लसिका, म्हणजे अंगातल्या गाठींमधून वाहणारा पाण्यासारखा द्रव, उलटी फिरून श्वासनलिकेत झिरपते आणि साचे तयार होतात. अशा मुलांत नळी, वाफ, रक्ताची गुठळी विरघळवायचं टीपीए वाफेतून, हे सगळं करतात, पण गळती चालू असेपर्यंत साचे परत येत राहतात. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टर डोरी आणि इटकिन यांनी जांघेतल्या गाठींमधून रंग सोडून एमआरआयवर ती गळती कुठे आहे ते शोधलं आणि कॅथेटरने ती वाट बंद केली, २०१६ मध्ये त्यांनी आपल्या पेशंटचे निकाल छापले आणि बहुतेकांचा त्रास खूपच कमी झाला होता. त्या आईने हे सगळं डॉक्टरांकडून ऐकून माझ्यापेक्षा चांगलं पाठ केलं होतं. तुमच्या घरात फॉन्टन झालेलं मूल असेल आणि खोकल्यातून असलं काही पडत असेल तर नळीचा रिव्ह्यू वाचत बसू नका, हृदयाच्या डॉक्टरांना लसिकेच्या एमआरआयबद्दल विचारा.

बाकीच्यांसाठी, म्हणजे दमा, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावून कफ साठणं), सारखा कफ तुंबून फुफ्फुस बसणारे, माझा सल्ला एवढाच की नळीच्या आधी फिजिओची अर्ध्या तासाची दोन सेशन विकत घ्या. नळीपेक्षा स्वस्त पडतात आणि त्यांच्याकडे दाखवायला एक नळी असतेच, तुमच्या फुंकरीला कुठला रंग लागतो ते तिथेच कळतं. बिल घ्या, मेडिकलमधून घ्या, जास्तीचा माउथपीस मिळतो का विचारा. आमच्याकडे सांगलीत नव्हता, कोल्हापूरहून मागवून दिला, आठवडा लागला.